आभाळ कोणत्या खात्याचं?

एक फ्रीज बघायला मी गडचिरोलीला गेले होते असं सांगितलं की आमच्या बार्शीत लोक हसतात. वाघ नाही, सागाचं जंगल नाही, मार्कंड्याची देवळं नाहीत; फ्रीज! पण खरंच तसं झालं. आणि तोच फ्रीज बघायला दिल्लीहून दोन साहेब आले होते, जे एकमेकांशी बोलत नव्हते.

आधी कारण सांगते. फ्रीजच्या नळ्यांतून फिरणारा वायू गळला तर हवेत विरून संपत नाही. तो वर जातो, फार वर, आणि सूर्याचे जाळणारे किरण अडवणारा ओझोनचा थर कुरतडत बसतो. हा वायू कमी करायचा करार माँट्रियल शहरात झाला. पुष्कळ देशांनी सह्या केल्या, आपण केली नाही. मी ज्या हिवाळ्याबद्दल लिहिते आहे, त्या हिवाळ्यात दिल्लीत यावरून जुंपली होती. हवापाण्याचं खातं म्हणत होतं, अटी घालून सही करू, आत शिरून भांडू. कारखान्यांचं खातं म्हणत होतं, घाण केली श्रीमंत देशांनी, आणि आता आपल्याकडे कुठे घरोघरी फ्रीज यायला लागले तर म्हणे बंद करा, सही नाही.

मला दोन्ही म्हणणी पटत होती आणि त्याचाच राग येत होता. माझे वडील ट्रेडल मशीनवर संपाची पत्रकं छापायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरून. पत्रकात दोन बाजू नसतात.

परदेशातल्या पुढच्या बैठकीत काय बोलायचं यासाठी दोन्ही खात्यांना 'शेवटच्या माणसापर्यंतचा' पुरावा हवा होता. एटापल्लीच्याही पुढे, जंगलात, एका आरोग्य केंद्रात लस ठेवायचा एक फ्रीज आहे, त्याहून आत फ्रीज नाही, असं दोघांनाही कळलं. एकाच्या अहवालावर दुसऱ्याचा विश्वास नाही, म्हणून दोघंही निघाले. ओझोनवर मी काढलेलं एक पत्रक हवापाण्याच्या साहेबांच्या हाती लागलं होतं, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं. कारखान्यांच्या साहेबांनी 'बाई पक्षपाती आहेत' अशी हरकत घेतली. तोडगा असा निघाला की प्रत्येक प्रश्न मी दोनदा विचारायचा, एकदा यांच्यातर्फे, एकदा त्यांच्यातर्फे.

चंद्रपूर ते गडचिरोली

चंद्रपूरला सकाळी कोळशाच्या धुरात सूर्य उगवतो. झाडांची पानं काळसर, अंगणं काळसर, वाळत घातलेली धोतरंसुद्धा. हवासाहेबांनी नाकाला रुमाल लावला. कारखानासाहेबांनी लगेच छाती भरून श्वास घेतला.

ही नावं माझी नाहीत, आमच्या जीपच्या ड्रायव्हरची, दौलतभाऊंची. राजुऱ्याचा माणूस, खाणीच्या गाड्या चालवून मान कायमची एका बाजूला वळलेली. पहिल्याच चहाला त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हे दोघं कोन्या सोयरिकीतले होय का? काऊन तोंड फिरवून बसले?"

"एकाच सरकारातले आहेत, भाऊ. खाती वेगळी."

"मंग भाऊबंदकी म्हना ना. एक हवासाहेब, एक कारखानासाहेब. मले मधात जागा ठेवा लागते का नाई, तेवढं सांगा."

मधात जागा ठेवावीच लागली. पुढच्या सीटवर कोणी बसायचं यावरून मूल गावापर्यंत अबोला होता. शेवटी पुढे बसले जब्बारभाई, फ्रीजचे मिस्त्री. मांडीवर वायूची टाकी आणि चेहऱ्यावर बाजारात चालल्याचा आनंद. केंद्रातला फ्रीज गळत होता, तो दुरुस्त करून त्यात वायू भरायचं काम त्यांचं. "सायेब लोक, फिकर नको," ते मागे वळून म्हणाले, "असा करतो का पेपरात फोटो येईल."

मूलला राइस मिलच्या भोंग्यासमोरच्या खाणावळीत जेवलो. भाकरी मागितली तर पोऱ्या माझ्याकडे बघतच राहिला. इथं भात. भातावर लाखोरीच्या डाळीचं वरण, वर चिरलेला सांभार. म्हणजे आपली कोथिंबीर. आमच्याकडे भात शेवटी येतो, पाहुण्यासारखा. इथं तोच घरमालक. हवासाहेबांनी खाणावळवाल्याला विचारायला सांगितलं, उन्हाळा वाढलाय का? मी विचारलं. कारखानासाहेबांनी सांगितलं, विचारा, थंड पाणी मिळालं तर गिऱ्हाईक वाढेल का? तेही विचारलं. खाणावळवाला म्हणाला, "दोन्हीचं उत्तर होच हाय जी. भात वाढू का?"

वैनगंगेच्या पुलाखाली वाळूच वाळू होती आणि मध्ये पाण्याची निळी चीर. मला उतरून पाण्यात पाय घालायचे होते. पण जीप थांबवायची की नाही यावर दोन मतं पडतील, म्हणून मी बोललेच नाही.

गडचिरोलीत लसीच्या भांडारातल्या डॉक्टरांनी थर्माकोलची एक पेटी आमच्या जीपमध्ये ठेवली. बर्फात खोचलेली गोवराची लस. "तुम्ही जाताच आहात तर न्या," ते म्हणाले. "आत बर्फ मिळत नाही. उद्या दुपारपर्यंत फ्रीज चालू झाला पाहिजे, नाहीतर ही लस म्हणजे पाणी."

तेव्हापासून मला चैन नव्हतं. जीप आदळली की मी पेटीवर हात ठेवायचे.

आलापल्ली

इथं साग असा उभा आहे की मान वर करून टोपी पडावी. पण त्या सागाकडे बघायला सवड कुठे? विश्रामगृहाच्या एकाच खोलीवर दिल्लीहून दोन आरक्षणं आली होती, दोन खात्यांची. खानसाम्यानं दोघांना दोन कोंबड्या कापल्या होत्या, एकाच कढईत शिजवल्या होत्या आणि दोन ताटांत वेगवेगळ्या टोकांना वाढल्या. पोस्टात ट्रंककॉलची एकच लाइन. ज्याचा फोन आधी लागेल त्याचं खातं दिल्लीतल्या सकाळच्या बैठकीत आधी बोलणार, म्हणून दोघंही काउंटरला टेकून उभे. लाइन लागली नाही. त्या दिवशी दोन्ही खात्यांत समेट झाल्यासारखी शांतता होती.

आरोग्य केंद्र

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या सिस्टरची बदली व्हायला तेवढंही पुरेल; त्यांचं नावही बदललं आहे.

रामटेके सिस्टर दारातच उभ्या होत्या. मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या. खोलीत तथागतांची तसबीर, तिच्याखाली उकळत्या सुयांचं भांडं. साहेबांना नमस्कार करण्याआधी त्यांनी पेटीचं झाकण उघडून बर्फ बघितला. "अर्धा गेला," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, तुम्ही लागा जी कामाले."

जब्बारभाई काम करत होते तोवर सिस्टरनी मला पडवीत चहा दिला आणि सांगितलं. मागच्या हिवाळ्यात त्यांनी टोल्याटोल्यात, म्हणजे जंगलातल्या वाड्यावस्त्यांवर, जाऊन पोरांना लस दिली होती. पुढं गोवर आला आणि लस घेतलेली पोरंही फणफणली. काही गेली. फ्रीज मध्येच बंद पडून लस मेलेली होती, हे नंतर कळलं. त्यानंतर टोल्यांवरच्या माडिया आदिवासींनी सिस्टरना पाणी दिलं, बसायला दिलं, पण पोर पुढं केलं नाही. वर्षभर त्या टोल्यांवर जात राहिल्या. आता कुठे लोक बसले होते आणि ठरलं होतं: बुधवारच्या बाजाराला पोरं घेऊन येऊ.

"बुधवार म्हणजे उद्याच," मी म्हणाले.

"उद्याच ना. ह्या खेपेले फसलं का ताई, मंग हे लोक माह्या दारात कधीच येत नाई. अन् गोवर तर येते."

आत जब्बारभाईंनी साबणाचा फेस लावून गळती शोधली, डाग देऊन बुजवली. आता वायू भरायचा. त्याआधी नळ्या साफ करायला थोडा वायू आतून सोडून बाहेर घालवतात, मिस्त्रींची ती रीत. फुस्स झालं आणि हवासाहेब कॅमेरा घेऊन धावले. हाच तो क्षण! अडाणीपणानं आकाशात वायू सोडला जातो याचा पुरावा! "पुन्हा सोडायला सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. जब्बारभाईंनी सोडला.

कारखानासाहेब म्हणाले, एवढ्याशा फुस्सनं आभाळाला काय होणार? किती निघतो ते मला नीट बघू दे. मी सांगितलं. जब्बारभाईंनी कारखानासाहेबांच्या तळहातावर सोडला. साहेबांचा हात गारठला, ते खूश झाले.

मग हवासाहेबांच्या ध्यानात आलं की वायू दिसत नाही. फोटोत काय येणार? एक मिस्त्री आणि एक नळी.

"दिसते ना सायेब, काऊन नाई दिसत!" जब्बारभाईंच्या अंगात आलं होतं. दिल्लीचे दोन साहेब आपल्या हाताकडे बघताहेत, असं आयुष्यात पुन्हा होणार नव्हतं. "फुगा पाह्यजे. सिस्टर, फुगा हाय का?"

सरकारी आरोग्य केंद्रात फुगे नसतात. पण कपाटात कुटुंब नियोजनाचे खोके छतापर्यंत होते. जब्बारभाईंनी स्वतःच एक फोडला आणि निरोध नळीच्या तोंडाला बांधला. तो फुगला, भोपळ्याएवढा झाला, हलू लागला. दौलतभाऊ तोंडावर उपरणं धरून बाहेर पळाले. हवासाहेबांनी फोटो काढला. कारखानासाहेब तापले: देशाची ही अब्रू परदेशी बैठकीत दाखवणार? मग दुसराही फुगवा, शेजारी एक लहान फुगवा, प्रमाण कळू दे, हे चित्र दिशाभूल करणारं आहे! दुसरा फुगवला. पहिला फुटला. पुन्हा फुगवला. मीसुद्धा पुढं वाकून बघत होते. पत्रकाला काय झकास सुरुवात मिळाली, असं मनात चाललं होतं.

"झालं का?" मागून सिस्टर म्हणाल्या. "भरा आता."

जब्बारभाईंनी टाकी फ्रीजला जोडली. कान लावला. टाकी हलवली. टाकी उलटी केली. त्यांच्या चेहऱ्यावरचा बाजार उठला.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "टाकी खाली झाली."

मग दोन्ही साहेब एकदम बोलले, आणि दोघंही एकच बोलले: याला जबाबदार ते खातं.

टोला

सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, सुयांचं भांडं उचललं आणि दौलतभाऊंना म्हणाल्या, "गाडी काढा. उद्यापर्यंत बर्फ टिकत नाई. बाजाराले येनाऱ्यांतले जे जवळचे हायेत, त्यांच्याकडे आपनच जाऊ."

गाडी दौऱ्याची होती. हवासाहेबांना आलापल्लीला जाऊन फोन लावायचा होता. कारखानासाहेबांना तो लागू द्यायचा नव्हता. मी आवाज चढवला. काय काय बोलले ते आता लिहीत नाही; त्यातलं निम्मं पत्रकातलं होतं. दौलतभाऊ मात्र शांतपणे म्हणाले, "सायेब, डिझेल तेवढंच हाय. टोल्यावर जाऊन मंग आलापल्ली होते. आधी आलापल्ली केली तर मंग कुठीच होत नाई." हे खरं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

टोल्यावर मोठ्या मोहाखाली माणसं जमली. इथली रीत अशी की ठरलेलं बदलायचं तर पुन्हा सगळ्यांनी बसायचं, आणि एक जरी नाही म्हणाला तरी गोष्ट थांबते. आमच्याकडे ग्रामसभेत हात वर करतात, मोजतात आणि उरलेल्यांची तोंडं बंद होतात. इथं मोजणीच नाही. आणि उभ्यानं तर बोलायचंच नाही. सगळे बसले, आम्ही बसलो. पण कोणी सुरुवात करेना.

गावचे पाटील म्हातारे होते. त्यांनी जीपकडे बोट केलं. तिथं दोन्ही साहेब उभ्यानं भांडत होते.

"म्हनतात, तिकडे अजून दोघं उभे हायेत," सिस्टरनी मराठीत सांगितलं. "ते बसल्याशिवाय कसं सुरू करू?"

मी धावत गेले. कारखानासाहेब म्हणाले, लसीकरण आमच्या कक्षेत येत नाही. हवासाहेब म्हणाले, ते आधी बसू देत. पेटीतून पाण्याची धार जमिनीत जिरत होती. मी हात जोडले नाहीत, हे मला आवर्जून लिहायचं आहे. मी त्यांना म्हणाले, "ती धार बघा. तिला खातं नाही. तुम्ही उभे आहात तोवर ती थांबणार नाही." ते आले, घोंगडीच्या दोन टोकांना बसले. घोंगडी लहान होती, गुडघे लागत होते.

सिस्टरनी जे झालं ते सांगितलं, फुग्यांसकट. बायका हसल्या, पाटील हसले, साहेबांनी जमीन बघितली. मग एकेक जण बोलू लागला. सावकाश. मधे आंबिलीचे द्रोण फिरले. सावलीतून ऊन सरकत पेटीकडे येत होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं. मी उठायला लागले तर सिस्टरनी माझ्या पदराला धरून खाली बसवलं. "चूप बसा ना ताई."

सगळे हो म्हणाले. शेवटी राहिली सुकरीबाई, कडेवर लहान मुलगी. ती नाही म्हणाली. मागच्या वर्षी लस घेतलेला तिचा मुलगा गेला होता. गोष्ट थांबली.

मी मनात पत्रक लिहायला लागले. लस म्हणजे काय, रोग म्हणजे काय, अंधश्रद्धा... सिस्टर तसलं काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेटी सुकरीबाईपुढं सरकवली, तिचा हात धरून उरलेल्या बर्फात घातला आणि तिच्याच भाषेत बोलल्या. नंतर मला सांगितलं ते असं: मागच्या वर्षी हे गरम झालं होतं. मला ठाऊक नव्हतं. हे थंड आहे तोवरच औषध आहे. तूच बघ.

सुकरीबाईनं हात लवकर काढला नाही. बोटं पांढुरकी झाली. मग ती काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?"

"म्हनते, हात बधिर झाला." सिस्टर सुई उचलत होत्या. "दे म्हनते."

बर्फाचं पाणी होईपर्यंत सिस्टर देत राहिल्या. मी पोरांचे दंड धरले. कारखानासाहेबांनी एका रडणाऱ्या पोराला आपलं पेन दिलं. हवासाहेबांनी फोटो काढला नाही. पाणी कोमट झालं तशा सिस्टर थांबल्या. उरलेल्या कुप्या त्यांनी सगळ्यांसमोर दगडावर फोडल्या, म्हणजे कोणाला शंका नको.

परतीच्या वाटेवर मला वाटलं, आता हे दोघं बोलतील. बोललेही. त्या फुग्याचा फोटो कोणाच्या अहवालात जाणार, यावर.

बुधवार

साहेब, जब्बारभाई आणि जीप पहाटेच गेले. मी राहिले.

बाजार भरला. मीठ, सुकट, लाल मिरच्या, मातीची मडकी. आणि लांबच्या टोल्यांवरच्या बाया, ज्यांना काल काय झालं ते ठाऊक नव्हतं, ठरल्याप्रमाणे पोरं घेऊन केंद्राच्या दारात आल्या. अंधारातच निघाल्या असणार. पाय धुळीनं पांढरे होते. सिस्टरनी रिकामी पेटी उघडून दाखवली आणि स्वतः सांगितलं. मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आता जातील आणि पुन्हा येणार नाहीत.

त्या गेल्या नाहीत. आपसात बोलल्या. मग पडवीत पोरं उतरवली आणि बसल्या.

"म्हनतात, आमचं येनं ठरलं होतं, आम्ही आलो. आता तू आन," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी चुलीवर भाताचं मोठं पातेलं चढवलं आणि रिकामी पेटी माझ्या हातात दिली. "एस.टी. उभी हाय ताई. पळा."

एस.टी.नं गडचिरोली गाठली. भांडारातला कारकून म्हणाला, "कोणत्या खात्याकडून आलात?" मी म्हणाले, कोणत्याच नाही. तो म्हणाला, मग देता येत नाही. डॉक्टर येईपर्यंत मी त्याच्या टेबलासमोर जमिनीवर बसून राहिले. परतताना पेटी गळत होती. कंडक्टरनं विचारलं, "बाई, मासोळ्या होय का?" लस आहे म्हटल्यावर त्यानं पेटी खिडकीच्या उन्हातून काढून स्वतःच्या सीटखाली ठेवली आणि आलापल्लीत पुढच्या गाडीवाल्याला बजावलं, "हे पोहोचव बे, नाईतर तोंड दाखवू नको."

रात्री उशिरा पोहोचले तर बाया पडवीतच होत्या. एकही कमी झाली नव्हती. पोरं भात खाऊन लोळत होती.

सगळ्या पोरांना टोचून झाल्यावर सिस्टरनी हात धुतले आणि पाटावर बसल्या. मला वाटलं, आता आभार मानतील.

"पुढच्या बुधवारी नदीपलीकडचे येतात," त्या म्हणाल्या. "फ्रीजची गॅस कधी येईल नाई सांगता येत. पेटी तुम्हीच आनसान ना?"

माझं परतीचं आरक्षण होतं. पत्रक छापायचं होतं. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. पेटी पुसून त्यांच्या कपाटावर ठेवली आणि निघाले.

सही अजून झालेली नाही. दोन्ही खात्यांचे अहवाल पोहोचले असतील, दोन्हींत तोच फ्रीज असेल, आणि त्या फ्रीजला वायू कोणत्या खात्यानं पाठवायचा यावर तिसरी बैठक चालू असेल. माझं पत्रक मात्र झालं नाही. तीनदा लिहायला घेतलं. प्रत्येक वेळी पहिल्या ओळीनंतर मला वार बघावासा वाटतो.

आज बुधवार आहे. बर्फ कोणी नेला असेल?